शरदातली पाखरं: जळगावच्या कॉलन्यांमधल्या बागांत एक अख्खा दिवस

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दसरा झाला, पाऊस गेला, दुपारी ऑक्टोबर हीट नुसती भाजून काढतेय, पण पहाटे मात्र अंगावर चादर ओढाविशी वाटायला लागलीय. हे पंधरा-वीस दिवस मला वर्षातले सगळ्यात आवडते. काल रविवार होता, भाचा दिवाळीआधीच मुक्कामाला आलाय (नववीत आहे, नजर घारीसारखी), त्याला घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त शहरातल्या आणि शहराला लागून असलेल्या बागा फिरलो. त्याचं लिहितोय, जरा लांबेल.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण दर वर्षी इथं तेच विचारलं जातं की "हतनूरला काय आलंय?" हतनूर आपलं वैभव आहे, वाद नाही. पण आत्ता धरण काठोकाठ भरलेलं आहे, चिखलाची कड उघडी पडलेली नाही, मग तुतवार नि चिखले बसणार कुठं? बदकांची खरी गर्दी व्हायलाही थंडी पडावी लागते. या मधल्या दिवसांत पाहण्यासारखं जे असतं ते झाडांमध्ये असतं, आणि तेही आपल्या घराजवळच्या झाडांमध्ये. छोटे स्थलांतरित पक्षी बहुतेक रात्री उडतात आणि उजाडताना खाली जिथं हिरवं दिसेल तिथं उतरतात. वरून बघितलं तर आपल्या कॉलनीतली बाग म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांमध्ये एक हिरवा चौकोन, तिथं नाही उतरणार तर कुठं.

साडेसहाला आमच्या कॉलनीच्या बागेत. वॉकिंग ट्रॅकवर मंडळी गोल फिरत होती, लाफ्टर क्लब सुरू होता. आम्ही गेलो थेट मागच्या भिंतीकडे. तिथं एक जुना उंबर आहे, त्याच्याखाली पाचोळा, बाजूला अडुळशाची आणि घाणेरीची झुडपं वाढलेली, नळ गळतो म्हणून कायम ओल. बागेतला सगळ्यात दुर्लक्षित कोपरा. पाच मिनिटं नुसतं उभं राहिलो. मग आवाज आला, कोरडा, बारीक, "ट्रर्रर्र", कुणी फणीच्या दातांवरून नख फिरवावं तसा. भाच्यानं हात दाबला. उंबराच्या खालच्या फांदीवर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, एक चिमणीपेक्षा लहान मातकट पाखरू. लाल गळ्याची माशीमार, आपल्याकडे काही जण तांबुला म्हणतात. पण गळा लाल नव्हताच! ऑक्टोबरात येणाऱ्यांत माद्या आणि यंदाची पिल्लं भरपूर असतात, त्यांचा गळा मळकट पांढरा. मग ओळखायचं कसं? शेपटीवरून. फांदीवर बसली की शेपटी झटक्यात वर करते आणि हळू खाली आणते, आणि त्या काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे उघडतात. एकदा ते बघितलं की परत कधी चुकत नाही. खाली पाचोळ्यावर झेपावली, काहीतरी टिपलं, परत त्याच फांदीवर. आम्ही तिथं पाऊण तास होतो, तिनं तो पंधरा फुटांचा कोपरा सोडला नाही.

हे पाखरू दहा ग्रॅमच्या आसपास वजनाचं. वीण करतं पूर्व युरोपापासून पश्चिम सायबेरियाच्या पट्ट्यात. आपल्याकडे उत्तरेकडून येणारे पुष्कळ, पण हे वायव्येकडून, पार युरोपातून भारतात हिवाळा काढायला येतं. आणि उतरतं ते गळक्या नळाच्या शेजारी, जिथं आपण कुणी ढुंकूनही बघत नाही. मला यात फार आनंद वाटतो, लपवत नाही.

वर शेंड्याला एक हिरवट वटवट्या सतत "चिस्ली, चिस्ली" ओरडत होता, दिसायला वेळ लागला, पानाच्याच रंगाचा, डोळ्यावर फिकी भुवई, पंखावर बारीकशी पांढरी रेघ. मान दुखेपर्यंत वर बघायची तयारी ठेवा. खाली हिरवळीवर पांढरा धोबी, करड्या पाठीचा, म्हणजे पाहुणा. आपला बारमाही मोठा धोबी पाठीवर काळा असतो आणि भुवई ठसठशीत पांढरी. हे दोन्ही एकाच लॉनवर दहा फुटांवर होते, भाच्याला फरक दाखवायला याहून चांगलं काय.

मग लांडोरखोरी, शहराला लागूनचं वनोद्यान. तिथं पायवाटा चांगल्या आहेत, लोकही बरेच येतात, पण आठ-साडेआठनंतर पांगतात. शिंजीरनं, त्या फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पाखरानं, घोळ घातला. नराचा तो झगमगता जांभळा रंग या दिवसांत गेलेला असतो, वरून मादीसारखा मळका आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळसर पट्टा, जणू शाई सांडलीय. नवीन माणसाला वाटतं काही तरी वेगळीच जात सापडली. सुगरणीचं पण तसंच, नराचं पिवळं डोकं उतरलंय, चिमणीसारखे तपकिरी झालेत सगळे. विहिरीवरच्या बाभळीला रिकामे खोपे लटकतायत. राखी कोतवाल पण दिसला एकदाचा! तो हिवाळी पाहुणा, झाडीत आत बसतो, डोळे लालभडक. आपला नेहमीचा काळा कोतवाल तारेवर, गुरांच्या पाठीवर, उघड्यावर, आणि चोचीच्या कोपऱ्याशी पांढरा ठिपका.

दुपारी घरी. भरीत, कळण्याची भाकरी, झोप. अकरा ते चार या उन्हात पाखरं पण दिसत नाहीत आणि माणसानं पण फिरू नये.

संध्याकाळी मेहरूण. तलाव तुडुंब. वारकरी (ते काळे पाणपक्षी) थोडे, टिबुकल्या भरपूर, हळदी-कुंकू बदकांची जोडी, काठावर खंड्या. पाणी जास्त म्हणून फार काही नाही, अपेक्षाही नव्हती. पण सूर्य कलताना बोरीबाभळींवर भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, थवा आला, आणि त्यात बहुतेक यंदाची पिल्लं. फिक्या मातकट रंगाची, पिवळट चोचीची, गुलाबी रंगाचा पत्ता नाही. मध्य आशियात यंदाच्या उन्हाळ्यात जन्मलेली पाखरं पहिल्यांदाच मेहरूण बघत होती.

आता मुद्द्यावर येतो ज्यासाठी धागा काढला. सकाळी आम्ही बागेतून निघताना माळीदादा तो मागचा कोपरा साफ करायला आले होते. दिवाळी आली, "बाग स्वच्छ दिसली पाहिजे" अशी मागणी आहे कॉलनीतल्यांचीच. पाचोळा गोळा करून पेटवायचा, झुडपं छाटायची, भिंत रंगवायची. मी त्यांना थांबवून माशीमार दाखवली, ते बघत राहिले, म्हणाले "साहेब, मला काय, तुम्ही कमिटीला सांगा." तर माझं म्हणणं एवढंच, बागेचा एक कोपरा, फक्त एक, ऑक्टोबर ते मार्च झाडू नये. पाचोळा म्हणजे कचरा नाही, त्यात किडे, कोळी, अळ्या, तेच या पाखरांचं जेवण. हिरवंगार कापलेलं लॉन आणि रांगेत लावलेली शोभेची झाडं कितीही सुंदर दिसली तरी माशीमारीला तिथं खायला काही नाही.

तुमच्याकडच्या बागांत काय दिसलं ते टाका. आणि कमिटीला कसं पटवायचं तेही सांगा.

शीतल_भुसावळ

वा, काय लिहिलंय! त्या ट्रर्रर्र आवाजाचं वाचून मी आज सकाळी कामाला जायच्या आधी रेल्वे कॉलनीत चक्कर मारली. जुने बंगले, मोठाले कडुनिंब आणि चिंचा, खाली कुणी झाडत नाही. आणि आला की हो आवाज!! दिसली नाही पण आवाज दोन ठिकाणांहून आला. इतकी वर्षं मला तो खारीचा किंवा किड्याचा वाटायचा.

मला एक विचारायचं आहे, तो पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारा मोबाईलवरचा मर्लिन अ‍ॅप वापरते मी, त्यानं आज "शिक्रा" दाखवलं, पण वर बघितलं तर कोतवाल बसलेला. अ‍ॅप चुकतं का?

तापीकाठ

शीतलताई, अ‍ॅपनं जे ऐकलं ते बरोबरच सांगितलं, कोतवाल शिक्र्याच्या, म्हणजे त्या शिकारी पक्ष्याच्या, आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. बाकीची पाखरं घाबरून उडतात आणि त्यांच्या तोंडचा किडा हा पळवतो. म्हणून अ‍ॅपनं नाव सांगितलं की ते सुचवणं समजायचं, नोंद डोळ्यांनी बघूनच करायची. आणि अ‍ॅपमधला आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक आधी डाऊनलोड करून ठेवा, मग नेट नसलं तरी चालतं.

केळीचा_घड

राम राम भो. यावलकडचा शेतकरी आहे, दुर्बीण वगैरे नाही, पण पाखरं रोजची. तुम्ही बागेतलं सांगता, मी शेतातलं सांगतो. आत्ता कापूस वेचणी चालू आहे, बाया वेचत पुढं जातात आणि त्यांच्या मागं कोतवाल. पाय लागला की झाडावरून पतंग, तुडतुडे उडतात ना, ते धरायला. ट्रॅक्टर घातला की गायबगळे कुठून येतात कोण जाणे. पूर्वी आमचे आबा हरभऱ्यात इंग्रजी टी च्या आकाराच्या काठ्या रोवायचे, त्यावर कोतवाल, साळुंक्या, वेडे राघू बसायचे आणि घाटेअळी खायचे. आता कृषी खात्याची माणसं त्यालाच पक्षी थांबे म्हणून सांगतात, एकरी इतके लावा वगैरे. आमच्याकडे ते आधीपासून होतं. मी अजून लावतो. फवारणी पूर्ण बंद होत नाही पण एखादी कमी होते, आणि एक फवारणी कमी म्हणजे शेतकऱ्याला किती ते शेतकऱ्यालाच ठाऊक.

भोरड्यांचं मात्र सांगतो, ज्वारी हुरड्याला आली की त्या शेतात उतरल्या तर दाणा ठेवत नाहीत. तेव्हा त्यांचं कौतुक आमच्या घरात करायचं नाही, आई गोफण घेऊन उभी राहते.

देवपूरकर

केळीचा_घड, भोरड्यांवर रागावू नका एवढं, नाकतोडे पण तेवढेच खातात त्या. पण हुरड्याचं नुकसान होतं हे खरं, ते नाकारून चालणार नाही.

धुळ्याचा रिपोर्ट देतो. देवपुरात पांझरेच्या काठाला जी झाडी शिल्लक आहे तिथं करडा धोबी आलाय. हा दगडांवर एकटा फिरतो, शेपूट लांब, बुडाशी पिवळा, सतत वरखाली. धोब्यांत हा लवकर येणारा, पावसाळा सरता सरताच हजर होतो. नकाणे तलावावर गेलो होतो, तिथं पण तीच कथा, पाणी जास्त, शेकाट्यांची चार-दोन जोडपी काठावर. येताना एका शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर थिरथिरा, काळा नर, पोट विटकरी. सारखी शेपूट थरथरवतो. हा आला की मी समजतो हिवाळा आला.

आणि कमिटीचं म्हणाल तर माझा अनुभव चांगला नाही. आमच्या सोसायटीत "पाचोळा ठेवला की साप येतात, डेंग्यू होतो" हे दोन मुद्दे काढून मला गप्प केलं.

अश्विनी_मूळ_चोपडा

देवपूरकर, मी आई आहे आणि मला पण तीच भीती वाटते खरं सांगायचं तर. माझी मुलगी त्याच बागेत खेळते. पाखरं आवडतात मला, माहेरी चोपड्याला अंगणात दयाळ गायचा, पण विंचू-साप हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या भागात घोणस, मण्यार, नाग सगळे आहेत.

निवृत्त_मास्तर

अश्विनीताईंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. मी अमळनेरला शाळेत जीवशास्त्र शिकवलं.

डेंग्यूचा डास घातक खरा, पण तो अंडी घालतो साठलेल्या स्वच्छ पाण्यात. टायर, कुंडीखालची ताटली, कूलरची टाकी, नारळाची करवंटी, उघडा हौद. कोरड्या पाचोळ्यात त्याला काही काम नाही. तेव्हा पाचोळा राहू द्या आणि दर आठवड्याला कुंड्यांच्या ताटल्या उपड्या करा, डेंग्यूसाठी खरा उपाय तो आहे. तापीकाठ, तुमच्या त्या गळक्या नळाखाली डबकं साठत असेल तर तेवढं मात्र बघा, ओल चालेल, डबकं नको.

सापाचं असं की तो उंदरामागे येतो. उंदीर येतो उष्ट्या-खरकट्यामागे, धान्यामागे, विटा-लाकडाच्या ढिगामागे. बागेत लोक प्रसाद, बिस्किटं, वडापावचे कागद टाकतात, कुत्र्यांना पोळ्या घालतात, ते बंद केलं तर निम्मं काम होतं. तरीही धोका शून्य असं मी म्हणणार नाही. म्हणून कोपरा निवडताना खेळण्यांपासून, बाकांपासून लांबचा निवडा, भिंतीलगतचा, मध्ये दोन-तीन फुटांची मोकळी झाडलेली पट्टी ठेवा म्हणजे काही सरपटत आलं तरी दिसतं. हवं तर कमरेएवढं तारेचं कुंपण घाला. मुलांनी बाहेरून बघायचं. आणि पाचोळा पेटवणं तर मुलांच्या छातीला सापाइतकंच वाईट, ते कमिटीत आधी मांडा.

अश्विनी_मूळ_चोपडा

हे पटलं सर. लांबचा कोपरा आणि मध्ये मोकळी पट्टी असेल तर माझी हरकत नाही.

नवखा_०७

मी कॉलेजला आहे, नुकतंच सुरू केलंय. दोन प्रश्न. १) दुर्बीण कुठली घ्यावी, बजेट कमी आहे. २) आमच्या इथल्या बागेत आंब्याच्या ढोलीत छोटं घुबड आहे, तो रानपिंगळा असेल का? सातपुडा जवळच आहे आपल्याला म्हणून विचारतो. फोटो काढायला गर्दी होतेय, एक जण मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढतो.

सातपुड्याचा_पायथा

नवखा, तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा. मी शहाद्याचा.

बागेतला, ढोलीतला, माणसांच्या गर्दीत राहणारा तो पिंगळा, साधा, ठिपकेवाला. रानपिंगळा बागेत येत नाही, त्याला सागाचं उघडं जुनं रान लागतं. ओळख लक्षात ठेव: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी आणि पोट खालून पांढरंशुभ्र, पाय दणकट आणि पिसांनी भरलेले. तो दिवसा शिकार करतो, सकाळी उन्हात उघड्या फांदीवर बसलेला सापडतो.

आणि आपल्या खान्देशच्या पोरांनी ही गोष्ट पाठ ठेवावी: १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीनं दिसला नव्हता. मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१४ ची म्हणून दिलेली नोंद होती, तिच्यावर विसंबून लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. ती खोटी निघाली, दुसऱ्याचा जुना नमुना चोरून नवी चिठ्ठी लावलेली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातल्या नमुन्यांवरून ते उघड केलं, मग खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा धरून त्या आणि त्यांचे सहकारी शोधत निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आमच्या शहाद्याजवळच्या सातपुड्यात तो सापडला. एकशे तेरा वर्षांनी! सगळ्या जगानं मेला समजलेला पक्षी आमच्या डोंगरात निवांत बसलेला. नंतर तोरणमाळ, यावल अभयारण्य, मेळघाट इथंही नोंदी झाल्या. सागाचं रान तुटत गेलं तर तो पुन्हा नाहीसा होईल, आणि या वेळी कुठल्या नोंदी उघड करूनही सापडायचा नाही.

आता आवाज वाजवण्याबद्दल. कृपा करून त्याला थांबव, एकटा नको, चार जण मिळून सांगा. पिंगळ्याला तो आवाज म्हणजे दुसरा पिंगळा घरात घुसलाय. दिवसा झोपायच्या वेळी तो बाहेर येतो, कावळे-साळुंक्या त्याच्यावर तुटून पडतात. आणि दिवाळी जवळ आलीय. घुबडांच्या मागे या दिवसांत कोण आणि कशासाठी लागतं हे सांगायची गरज नाही. ढोलीची जागा, झाड, बागेचं नाव इथं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात टाकू नकोस. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, पकडणं, बाळगणं गुन्हा आहे. कुणी संशयास्पद दिसलं तर वनविभागाला फोन कर.

तापीकाठ

सातपुड्याचा_पायथा, तुमचा प्रत्येक शब्द खरा. नवखा, दुर्बिणीचं मी सांगतो. ८×४२ घे. आठ म्हणजे आठ पट मोठं दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये, जितका जास्त तितका उजेड आत. बागेत झाडाच्या सावलीत बघायचं असतं म्हणून उजेड महत्त्वाचा. जास्त पटीची घेऊ नको, हात हलतो आणि पाखरू सापडेपर्यंत उडून जातं. घेण्याआधी दुकानात बघ की ती किती जवळचं स्पष्ट दाखवते, बागेत पाखरू आठ-दहा फुटांवर पण येतं. आणि तोवर दुर्बिणीशिवाय फिर. कान तयार होतात, ते पुढं फार कामाला येतं.

शीतल_भुसावळ

दसऱ्याचं कुणी लिहिलं नाही अजून! माझ्या आजोळी दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात, आजोबा आम्हाला सकाळी शेताच्या बांधावर घेऊन जायचे. या दसऱ्याला मुलांना घेऊन गेले, भुसावळच्या बाहेर वरणगावच्या रस्त्याला, विजेच्या तारेवर बसलेला होता, नुसता मातकट पेंढा दिसतो बसलेला असताना, आणि उडाला की तो निळा!! मुलगा ओरडलाच. पण एक विनंती, काही ठिकाणी पकडून, पंख बांधून, पैसे घेऊन दर्शन देतात असं वाचलंय. असं कुठं दिसलं तर पैसे देऊ नका, तक्रार करा. आजोबांनी आम्हाला कायम मोकळाच दाखवला.

देवपूरकर

एक वेगळा मुद्दा. दिवाळीच्या आधी सुक्या फांद्या छाटायची मोहीम असते सगळीकडे. तारांना लागणारी, रस्त्यावर वाकलेली फांदी काढलीच पाहिजे, जीव महत्त्वाचा. पण बागेच्या मध्यात, खाली कुणी बसत नाही अशा ठिकाणची वाळकी फांदी राहू द्या. तांबट, सुतार आपलं भोक बहुतेक वाळक्या लाकडात कोरतात. तांबटाला तर जिवंत कडक लाकूड कोरता येत नाही, त्याची चोच तेवढी दणकट नाही. आणि एकाच्या भोकात पुढच्या वर्षी दुसरा राहतो, साळुंकी, पिंगळा, दयाळ. एक वाळकी फांदी म्हणजे अख्खी चाळ आहे.

निवृत्त_मास्तर

चांगला मुद्दा. बागेत नवीन झाडं लावताना पण बघा. हल्ली सगळीकडे तो झटपट वाढणारा कोनोकार्पस लावतात, हिरवी भिंत दिसते म्हणून. त्यावर मी तरी पाखरू थांबलेलं पाहत नाही. त्यापेक्षा उंबर, वड, पिंपळ, कडुनिंब, भोकर, बोर, शेवगा, पांगारा. उंबर-वडाला फळं आली की हरियल येतो, आपल्या राज्याचा पक्षी, अमळनेरला शाळेच्या वडावर यायचे, पायाला पिवळे, पानात असे मिसळतात की हलल्याशिवाय दिसत नाहीत. राखी धनेशही वडासाठीच गावात येतो. झुडपांत अडुळसा उत्तम, शिंजीर त्याच्या फुलांवर असतोच.

शाळांना एक सुचवतो. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा. भाषणं आणि रांगोळ्या होऊ द्यात, पण एक दिवस मुलांना जवळच्या बागेत न्या आणि अर्धा तास गप्प उभं करा. गप्प उभं राहणं हेच शिकवायचं आहे.

केळीचा_घड

मास्तर, अर्धा तास गप्प? माझी पोरं पाच मिनिटं नाही राहत. पण काल थोरलीला बांधावर नेलं, खाटीक पक्षी दाखवला, काट्याला नाकतोडा टोचून ठेवलेला. तिनं घरी येऊन आईला, आजीला, शेजारच्यांना सगळ्यांना सांगितलं. आता रोज विचारते खाटकानं आज काय टांगलं.

तापीकाठ

अपडेट देतो. काल रात्री कॉलनीच्या कमिटीची मीटिंग झाली. मास्तरांचा डेंग्यूचा मुद्दा, अश्विनीताईंची मोकळ्या पट्टीची अट, दोन्ही तसेच्या तसे मांडले. भाच्यानं फोनवर माशीमारीचा व्हिडीओ लावला. थोडा वाद झाला, एका काकांचं म्हणणं होतं की भिंत तरी रंगवू द्या, ते आम्ही मान्य केलं. ठरलं असं: उंबराखालचा कोपरा मार्चपर्यंत झाडायचा नाही, पेटवायचं तर अजिबात नाही, बाकीचा पाचोळा खड्ड्यात टाकून खत करायचं, बाकांच्या बाजूनं तीन फुटांची पट्टी रोज झाडायची. नळ दुरुस्त होणार, पण त्याऐवजी मातीचं पसरट भांडं ठेवायला परवानगी मिळाली. माळीदादांनी ती जबाबदारी घेतलीय.

भांड्याची कुणाला माहिती आहे का, किती खोल असावं?

निवृत्त_मास्तर

दोन इंचांपेक्षा खोल नको. कडा खडबडीत असाव्या, मध्ये एक चपटा दगड ठेवा म्हणजे लहान पाखराला उभं राहता येईल. मांजर दबा धरते अशा झुडपाला खेटून ठेवू नका, चार-पाच फूट लांब, पण वर एखादी फांदी असावी. दर दोन दिवसांनी पाणी ओतून भांडं काथ्यानं घासायचं, साबण नाही. हे चुकवलं तर खरंच डास होतील आणि पुढच्या मीटिंगला तुमचं कुणी ऐकणार नाही.

नवखा_०७

पिंगळ्याच्या झाडाखाली आम्ही चौघं गेलो होतो काल. आवाज वाजवणाऱ्या दादाला सांगितलं, आधी चिडला, मग सातपुड्याचा_पायथा यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यानं ऑडिओ डिलीट केला आणि म्हणाला मला पण ग्रुपमध्ये घ्या. येत्या रविवारी आम्ही सगळे मेहरूणला साडेसहाला. तापीकाठ काका, तुम्ही आणि तुमचा भाचा येणार का? शिंजीरचा तो शाईचा पट्टा मला अजून दिसला नाहीये.

तापीकाठ

येतो. भाचा पण येईल. पाण्याच्या बाटल्या आणा, टोप्या आणा, पांढरे-भडक कपडे घालू नका.